रक्ताचे पस्तीस दिवस

१९९१ च्या मे महिन्यातली गोष्ट. बी.ए.ची शेवटची परीक्षा देऊन मी पवनीला घरी आलो होतो. माझी थोरली बहीण, तिला आम्ही आपा म्हणतो, बाळंतपणासाठी माहेरी आलेली होती. बाळंतपण फार अवघड गेले. मुलगी झाली, रक्तस्रावही कसाबसा थांबला, पण आपाच्या अंगात जणू रक्तच उरले नव्हते. ओठ कागदासारखे पांढरे पडले होते. डॉक्टरांनी अब्बांना बाजूला घेऊन सांगितले, ''गट ओ निगेटिव्ह आहे. आसपास मिळणार नाही. पोराला नागपूरला पाठवा, दोन बाटल्या आणू द्या.''

पहाटेच्या एस.टी.ने मी निघालो. दुपारी दोन बाटल्या हातात पडल्या. काचेच्या होत्या, तोंडाला रबरी बूच आणि वर चिकटवलेली चिठ्ठी. देणाऱ्याने एवढेच बजावले, ''थंड ठेवा.'' घरून बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा नेला होता, आत गोणपाट घातले होते. बसस्थानकाबाहेरच्या कुल्फीवाल्याकडून बर्फ घेतला. तो भला माणूस. हकिकत ऐकून त्याने पैसे घेतले नाहीत, वर दोन मुठी खडेमीठ बर्फात टाकून म्हणाला, ''आता पाहा, बर्फ कसा कडक राहतो ते.'' मला ते पटले. जितके थंड तितके चांगले, असा माझा हिशेब. एक बाटली थेट बर्फात रोवली. दुसरी मावेना, म्हणून टॉवेलमध्ये गुंडाळून वर ठेवली.

उमरेडच्या जवळ टायर पंक्चर झाले. बस तासभर उभी होती. मी डबा उघडून पाहिले आणि पोटात गोळाच आला. वरच्या बाटलीत रक्त 'फाटले' होते! खाली गडद लाल साका आणि वर बोटभर पिवळसर पाणी. नासलेल्या दुधासारखे. खालची बाटली मात्र वरपासून खालपर्यंत एकसारखी लाल होती. चला, एक तरी शाबूत आहे, असे म्हणून मी डबा बंद केला.

संध्याकाळी डॉक्टरांनी दोन्ही बाटल्या खिडकीच्या उजेडात धरल्या. आणि त्यांनी उलटेच केले. मला नासलेली वाटलेली बाटली आपाला लावली आणि माझ्या हिशेबाने शाबूत असलेली बाजूला ठेवली. ''ही नको,'' एवढेच बोलले. विचारण्याची हिंमत मला झाली नाही. आपा वाचली. पण एका बाटलीवर वाचली. ती भिंत धरूनच चालत असे, आणि पुढे पाच-सहा महिने मूल उचलून घेताना तिला धाप लागे.

त्या दिवशी डॉक्टरांनी खिडकीत काय पाहिले, हे कळायला मला बावीस वर्षे लागली. मी डॉक्टर नाही. साधा पदवीधर माणूस, कविता लिहितो. पण ती बाटली मनातून जाईना म्हणून वाचत गेलो, विचारत गेलो आणि लक्षात आले की माणसाने रक्त साठवायला शिकण्याचा इतिहास म्हणजे एकेक दिवस पदरात पाडून घेण्याचा इतिहास आहे.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी रक्त साठवताच येत नव्हते. देणारा आणि घेणारा शेजारी शेजारी झोपत. एकाची धमनी दुसऱ्याच्या शिरेला जोडण्याचे कसब थोड्याच शल्यविशारदांकडे होते. १९०१ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगट दाखवून दिले, त्यामुळे कोणाचे कोणाला चालेल हे कळू लागले. पण रक्त बाहेर काढले की काही मिनिटांत गोठते, ही अडचण तशीच होती. ती १९१४ मध्ये सुटली. बेल्जियममध्ये आल्बेर हुस्टिन आणि अर्जेंटिनात लुईस अगोते यांनी त्या एकाच वर्षी, आपापल्या ठिकाणी, सोडियम सायट्रेट वापरून न गोठलेले रक्त रुग्णाला दिले. रक्त गोठायला कॅल्शियम लागते. सायट्रेट त्या कॅल्शियमलाच धरून ठेवते, मग गोठण्याचे काम पुढे सरकत नाही. लिंबाच्या आम्लाचाच हा क्षार. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या रिचर्ड लुईसन यांनी त्याचे सुरक्षित प्रमाण ठरवले आणि रिचर्ड वाइल यांनी असे रक्त बर्फपेटीत काही दिवस ठेवून वापरता येते हे दाखवले.

रक्त गोठणे थांबले, पण मरणे थांबले नव्हते. रक्तातली लाल पेशी ही एक जिवंत वस्तू आहे. शरीरात ती सुमारे १२० दिवस जगते. तिला केंद्रक नाही, मोठ्या भट्ट्या नाहीत. एकच छोटी चूल आहे आणि त्या चुलीला साखरेचेच जळण चालते. बाटलीत गेल्यावरही ती साखर खात राहते. साखर संपली की उपाशी. १९१६ मध्ये पेटन राउस आणि जोसेफ टर्नर या दोघांनी ही भूक ओळखली. त्यांनी सायट्रेटमध्ये ग्लुकोज घातले आणि सशाचे रक्त चार आठवडे टिकवले. पेशीला शिदोरी दिली, म्हणा ना. (या राउस यांना पुढे पन्नास वर्षांनी, १९६६ मध्ये, नोबेल मिळाले, पण ते निराळ्याच शोधासाठी, कर्करोगाच्या विषाणूबद्दल. रक्ताच्या शिदोरीला कोणी बक्षीस दिले नाही.)

राउस यांच्याबरोबर काम केलेला ऑस्वाल्ड रॉबर्टसन नावाचा तरुण डॉक्टर १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर होता. त्याने दारूगोळ्याच्या रिकाम्या पेट्या घेतल्या, त्यांत लाकडाचा भुसा आणि बर्फ भरला आणि रक्ताच्या बाटल्या त्यात ठेवून जखमींच्या तंबूंपर्यंत नेल्या. लढाई पेटण्याआधी रक्त गोळा करून ठेवायचे, नंतर धावपळ नको, ही कल्पना त्याची. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. माझा गोणपाटाचा डबा आणि त्याची भुशाची पेटी यांत फार फरक नव्हता. फरक एवढाच की त्याने बर्फात मीठ टाकले नव्हते.

पुढचा टप्पा स्पेनच्या यादवी युद्धाचा. १९३६ ते १९३९ या काळात बार्सिलोनाच्या फ्रेडेरिक दुरान-जोर्दा यांनी नऊ हजार लिटरच्या आसपास रक्त गोळा करून आघाडीवर पाठवले. माद्रिदमध्ये कॅनडाचे नॉर्मन बेथ्यून बाटल्या गाडीत घालून थेट रणांगणाजवळ नेत. १९३७ च्या मार्चमध्ये शिकागोच्या कुक कौंटी रुग्णालयात बर्नार्ड फँटस यांनी रक्त साठवण्याचा विभाग काढला आणि त्याला 'ब्लड बँक' हे नाव दिले. मराठीत आपण त्याची 'रक्तपेढी' केली, आणि शब्द मूळ शब्दापेक्षा नेमका झाला असे माझे मत आहे. पेढी म्हटले की खतावणी, जमा-नावे, पत आणि विश्वास आला. पण सावकाराच्या पेढीवर ठेव वाढते. या पेढीवर ती रोज घटते. फँटस यांच्या पेढीत रक्त सुमारे दहा दिवस ठेवीत. २०२० मध्ये आपल्याकडच्या नियमांत 'रक्तकेंद्र' असे नवे नाव आले. लोकांच्या तोंडी मात्र अजून पेढीच आहे.

बेथ्यून यांचे नाव आले की मराठी माणसाला दुसरे एक नाव आठवते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. त्यात कोटणीस होते, आणि आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते. चोळकरांचे नाव आपल्याकडे कोणी घेत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. बेथ्यूनही त्याच वर्षी स्पेनचा अनुभव घेऊन चीनमध्ये पोचले होते. पण उत्तर चीनच्या डोंगरात त्यांच्यापुढे वेगळाच प्रश्न होता. ना वीज, ना बर्फपेटी. साठवणार कशात? तिथे त्यांनी गावकऱ्यांनाच रक्त द्यायला उभे केले. रक्त माणसांच्या अंगातच राहू द्यायचे, लागेल तेव्हा बोलवायचे. स्वतः बेथ्यून यांनीही जखमींना रक्त दिले. १९३९ च्या नोव्हेंबरात शस्त्रक्रियेत बोटाला झालेल्या जखमेतून विष भिनून ते गेले. कोटणीसांची त्यांची भेट कधी झाली नाही, पण १९४१ मध्ये त्यांच्याच नावाच्या रुग्णालयाचे कोटणीस प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. व्ही. शांतारामांचा १९४६ चा चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. मला त्या कथेतले त्याग वगैरे शब्द बाजूला ठेवून एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. जिथे थंडावा नाही तिथे साठा नाही, आणि जिथे साठा नाही तिथे माणसाला माणूस शोधत फिरावे लागते. १९९१ ची आमची पवनी त्या डोंगरापेक्षा फार पुढे नव्हती.

आता थंडाव्यात नेमके काय होते ते सांगतो. मला ते २०१३ मध्ये नागपूरच्या एका रक्तपेढीतल्या तंत्रज्ञ बाईंनी सांगितले, आणि तेही मी त्यांच्याशी भांडल्यावर. अम्मीचे खुब्याचे हाड मोडले होते. ऑपरेशनसाठी रक्त हवे होते. त्यांनी दिलेल्या पिशवीवरची तारीख पाहिली तर चोवीस दिवसांची! माझा आवाज चढला. ''म्हातारीला शिळे रक्त देता? ताजे काढा.'' मागच्या रांगेतलाही एक जण म्हणाला, ''काहून जी, आमालेबी ताजंच द्या.'' बाईंनी शांतपणे विचारले, ''काका, बसता का दहा मिनिटे?'' मी बसलो. दहाऐवजी चाळीस मिनिटे झाली असतील.

रक्त दोन ते सहा अंश तापमानात ठेवतात. थंडीत पेशीची चूल मंदावते, जळण कमी लागते, म्हणून ती जास्त दिवस जगते. पण मंद का होईना, चूल चालू असते आणि तिची राख साचत जाते. ही राख म्हणजे लॅक्टिक आम्ल, दह्याला आंबट करते तेच. शरीरात ते वाहून जाते. पिशवीतून जाणार कुठे? रक्त दिवसेंदिवस आंबट होत जाते.

दुसरी गोष्ट पोटॅशियमची. लाल पेशीच्या आत पोटॅशियम भरपूर असते, बाहेर कमी. पेशीच्या भिंतीतून ते सतत झिरपते आणि एक पंप ते सतत आत ओढून घेतो. वैनगंगेत जुन्या डोंग्यातून पार होताना एक जण पाणी उपसत बसलेला असतो, तसा. थंडीत या उपसणाऱ्याचे हात बधिर होतात. पोटॅशियम बाहेर येत राहते. ताज्या पिशवीतल्या द्रवात त्याचे प्रमाण लिटरला चारच्या आसपास असते, पस्तीस दिवसांनी ते पंचवीसच्या वर जाते. न्यूयॉर्कमध्ये जॉन स्कडर आणि चार्ल्स ड्र्यू हे १९३९ मध्येच ही गळती मोजत होते. ड्र्यू हे कृष्णवर्णीय शल्यविशारद. साठवलेल्या रक्तावर त्यांनी १९४० मध्ये प्रबंध लिहिला आणि त्याच वर्षी इंग्लंडसाठी रक्तद्रव पाठवण्याच्या मोठ्या कामाची धुरा सांभाळली. पुढे त्यांच्याच देशात सैन्यासाठी गोऱ्यांचे आणि काळ्यांचे रक्त वेगवेगळे ठेवले जाऊ लागले, तेव्हा याला विज्ञानाचा काही आधार नाही हे त्यांनी उघडपणे सांगितले. रक्ताचा धर्म, रक्ताची जात या गोष्टी आपल्याकडेही कमी बोलल्या जात नाहीत. पिशवीवरच्या चिठ्ठीत मात्र गट असतो, तारीख असते, तपासण्या असतात. त्यापलीकडे रकाना नाही.

आकडा ऐकून मी घाबरलो तेव्हा बाई म्हणाल्या, ''काका, एका पिशवीतले हे सगळे पोटॅशियम एका केळ्यापेक्षा कमी भरते.'' धोका आहे तो नवजात बाळाला, किंवा एखाद्याला खूप पिशव्या भराभर द्याव्या लागतात तेव्हा. अशा वेळी पेढीवाले स्वतःच ताज्या पिशव्या निवडून देतात. वारंवार रक्त घ्यावे लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या मुलांनाही शक्यतो कमी दिवसांचे देतात, कारण तरुण पेशी अंगात जास्त दिवस टिकतात आणि पुढची फेरी लांबते.

तिसरा बदल सर्वांत नवलाचा. त्याची कथा थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे.

१९४३ मध्ये इंग्लंडमध्ये लूटिट आणि मॉलिसन यांनी साठवणीचे नवे द्रावण काढले. तोवर सायट्रेट आणि ग्लुकोज एकत्र उकळून निर्जंतुक केले की साखर करपून तांबूस होई. त्यांनी द्रावण थोडे आम्ल केले. करपणे थांबले, आणि पेशीही जास्त टिकू लागल्या. रक्ताला एकवीस दिवस मिळाले. टिकल्या म्हणजे काय, तर रुग्णाच्या अंगात गेल्यावर चोवीस तासांनी किती पेशी जिवंत राहिल्या. आजही हीच मुख्य कसोटी आहे, शंभरातल्या किमान पंचाहत्तर.

पण जिवंत असणे आणि काम करणे एक आहे काय? १९५४ मध्ये ग्लासगोच्या वाल्टिस आणि केनेडी यांनी दाखवले की आठवडाभर साठवलेल्या पेशी प्राणवायू घेतात छान, सोडत मात्र नाहीत. कवडीचुंबक माणसाची तिजोरी भरलेली असावी आणि शेजारी उपाशी राहावा, तसे. कारण कळायला तेरा वर्षे गेली. १९६७ मध्ये न्यूयॉर्कचे राइनहोल्ड आणि रूथ बेनेश हे पती-पत्नी आणि त्याच सुमारास व्हर्जिनियातले चनुटिन आणि कर्निश यांनी शोधले की पेशीत डीपीजी नावाचे एक छोटे रसायन असते. हिमोग्लोबिनची मूठ उघडून प्राणवायू सोडायला लावणारे तेच. रक्त आंबट झाले की हे डीपीजी मोडते. पस्तीस दिवसांत ते दहा टक्क्यांच्याही खाली जाते. म्हणजे १९४३ मध्ये ज्या आम्लाने पेशीला आयुष्य दिले, त्यानेच तिची दानत काढून घेतली होती. म्हणून पुढची द्रावणे कमी आम्लाची झाली.

यावर माझा प्रश्न साहजिक होता. ''म्हणजे मी म्हणतो तेच खरे. शिळे रक्त निकामी.'' बाई हसल्या. १९६९ मध्ये आणखी एक गोष्ट उघडकीला आली होती. ही पेशी रुग्णाच्या अंगात शिरली, तिला ऊब मिळाली, की ती पुन्हा डीपीजी तयार करू लागते. चोवीस तासांत निम्म्याच्या आसपास आणि दोन-तीन दिवसांत जवळजवळ पूर्ण. पंपही सुरू होतो आणि सांडलेले पोटॅशियम आत ओढून घेतो. परदेशी राहून आलेला माणूस आल्या आल्या घुम्यासारखा बसतो आणि दोन दिवसांनी गावच्या बोलीत बोलू लागतो, तसे काहीसे.

सगळेच परत येते असे नाही. पेशीची शक्ती, जिला एटीपी म्हणतात, पस्तीस दिवसांत निम्म्यावर येते. बशीसारखी पेशी काटेरी होते, शेवटी चेंडूसारखी फुगते. काही फुटतात. म्हणूनच पिशवीवर शेवटची तारीख असते, आणि ती कोणी कचेरीत बसून अंदाजाने लिहिलेली नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस द्रावणात ॲडेनिन घातले गेले, ते एटीपीचा कच्चा माल, आणि एकवीसचे पस्तीस दिवस झाले. त्याच सुमारास स्वीडनच्या हॉगमन यांनी रक्तद्रव काढून घेतलेल्या लाल पेशींसाठी वेगळे पोषण द्रावण काढले, त्याने पुढे बेचाळीस दिवस मिळाले. पिशवीचीही गंमत आहे. १९५० च्या सुमारास अमेरिकेत काचेऐवजी प्लास्टिक आले. प्लास्टिक मऊ राहावे म्हणून घातलेला एक पदार्थ रक्तात थोडा उतरतो. ही काळजीची गोष्ट, पण तोच पदार्थ पेशीची भिंत टिकवतो असेही निघाले. आपल्या देशात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने हे पिशवीचे तंत्र विकसित केले आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस देशी पिशव्या बनू लागल्या. माझ्या हाती १९९१ मध्ये काचच आली, हा माझ्या नशिबाचा भाग. पिशवीत निदान बाटली फुटायची भीती तरी नसती.

तर बाई, मग त्या खिडकीतल्या बाटलीचे काय? मी त्यांना सगळे सांगितले. मीठ म्हणताच त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. बर्फात मीठ घातले की तो शून्याच्या बराच खाली जातो. कुल्फी जमते ती त्यामुळेच. बाटलीच्या काचेला लागून रक्त गोठले, पेशी फुटल्या, आतला रंग सगळ्या द्रवात पसरला. म्हणून ती मला एकसारखी लाल, 'शाबूत' दिसली. आणि वरची, टॉवेलातली? लाल पेशी जड, त्या खाली बसणारच. वर पिवळा, स्वच्छ द्रव दिसणे हीच चांगल्या रक्ताची खूण. फुटलेल्या पेशींचे रक्त आपाला गेले असते तर तिची मूत्रपिंडे गेली असती, कदाचित तीही. डॉक्टर 'ही नको' म्हणाले त्याचा अर्थ हा होता. ओ निगेटिव्हची एक बाटली कुणीतरी दंडातून काढून दिली होती, ती मी एस.टी.त बसून वाया घालवली होती.

मी चोवीस दिवसांची पिशवी घेऊन गेलो. अम्मीला ती लावली. ती पुढे सहा वर्षे होती.

ताज्या रक्ताचा हट्ट माझ्या एकट्याचा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. २००८ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या डॉक्टरांनी हृदयशस्त्रक्रियेच्या सहा हजार रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि दोन आठवड्यांपेक्षा जुने रक्त मिळालेल्यांत मृत्यू जास्त दिसले असे मांडले. जगभर खळबळ उडाली. पण त्या जुन्या नोंदी होत्या, कोणाला कोणते रक्त हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते. मग चिठ्ठ्या टाकून प्रयोग झाले. २०१५ मध्ये कॅनडा आणि युरोपातल्या अतिदक्षता विभागांतले चोवीसशेच्या आसपास रुग्ण घेतले. एका गटाला सरासरी सहा दिवसांचे रक्त, दुसऱ्याला बावीस दिवसांचे. फरक निघाला नाही. २०१६ मध्ये वीस हजारांहून अधिक रुग्णांचा मोठा प्रयोग झाला, तेच उत्तर. मला सर्वांत बोलका वाटला तो युगांडाचा. तिथे कंपालामध्ये मलेरिया आणि सिकलसेल यांमुळे अत्यंत रक्तक्षय झालेली २९० मुले होती. प्राणवायूवाचून त्यांच्या रक्तात लॅक्टिक आम्ल साचलेले. निम्म्यांना दहा दिवसांच्या आतले रक्त दिले, निम्म्यांना पंचवीस ते पस्तीस दिवसांचे. आठ तासांनी मोजले तर दोन्हींकडे आम्ल सारखेच उतरले होते. ती डीपीजी हरवलेली, कंजूष पेशीसुद्धा मुलाच्या अंगात जाऊन कामाला लागली होती.

युगांडाचे उदाहरण मी उगीच देत नाही. सिकलसेल हा आपल्या घरचा आजार आहे. नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल लिहिले. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, या पट्ट्यातल्या किती घरांत कोयत्यासारख्या वाकड्या पेशींची मुले आहेत हे मी सांगायला नको. १ जुलै २०२३ रोजी याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झाले. औषधे आहेत, तपासण्या आहेत. तरी यांतल्या काही मुलांना केव्हा रक्त लागेल याचा नेम नसतो. त्यांच्या आईबापाला 'ताजे' नको असते, 'आहे' हा शब्द ऐकायचा असतो.

आणि इथे पस्तीस हा आकडा आपल्या पंचांगाशी भांडतो. पूर्वी रक्त विकणारे लोक होते. गरजेपोटी महिन्यात अनेकदा विकत. मुंबईत लीला मुळगावकर यांनी १९५० च्या दशकातच ऐच्छिक रक्तदानासाठी घरोघर, कचेऱ्यांत फिरून रान उठवले होते, पण धंदा चालूच राहिला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणे बंद झाले. ते उत्तमच झाले. आता सगळी भिस्त शिबिरांवर. आपली शिबिरे केव्हा होतात? फेब्रुवारीत शिवजयंतीला, एप्रिलमध्ये आंबेडकर जयंतीला, ईद-ए-मिलादला, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला. एका दिवशी दीडशे पिशव्या. फोटो, प्रमाणपत्रे, केळी-बिस्किटे. पस्तीस दिवसांत त्या लागल्या तर लागल्या. नंतर मे महिना, कॉलेजे बंद, ऊन पंचेचाळीस अंश. मग रोवणी. जुलै-ऑगस्टात आपल्या जिल्ह्यात चिखलात वाकलेल्या माणसाला रक्तदानाला या म्हणायचे कोणी? नेमके तेव्हाच साप चावतात, मलेरिया येतो, बाळंतपणे तर बारमाही. पेढीत आधी आलेली पिशवी आधी देतात, म्हणजे ती वाया जात नाही. रांगेतल्या प्रत्येकाने माझ्यासारखे भांडून मागची ताजी पिशवी नेली तर पुढची तारीख उलटून फेकली जाणार. २०१३ मध्ये मी नेमके हेच करायला निघालो होतो. एकाच आयुष्यात दुसरी बाटली.

कवितेत आम्ही रक्त नेहमी सळसळणारे, उकळणारे लिहितो. मीही पुष्कळ लिहिले आहे. चार अंशांवर गप्प पडून राहणारे, हळूहळू आंबत जाणारे आणि ऊब मिळताच पुन्हा कामाला लागणारे रक्त माझ्या कवितेत अजून आलेले नाही.

आमच्या मोहल्ल्यातली पोरे दरवर्षी मिलादला शिबिर घेत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्याशी बसून मी हिशेब मांडला. काहींना पटले, काही म्हणाले, चाचा, सणाचे महत्त्व आहे. भांडण झाले, चहा झाला. शेवटी शंभर लोकांचे एक शिबिर मोडून पंचवीस-पंचवीसचे चार भाग केले आणि त्यांतला एक रोवणीच्या तोंडावर ठेवला. गेल्या जुलैत त्या शिबिराला बावीस जण आले. त्यात आपाची मुलगी होती. ती आता चौतिशीची आहे आणि आईसारखीच ओ निगेटिव्ह. पाऊस होता. तिच्या पिशवीवर दोन तारखा लिहिल्या, एक त्या दिवशीची, एक पस्तिसाव्या दिवसाची. तंत्रज्ञ पोरगा पिशव्या पेटीत रचत होता. मी वाकून पाहिले आणि विचारले, ''बर्फात मीठ तर नाही ना रे?''

तो माझ्याकडे पाहतच राहिला. आपाची मुलगी मात्र खाटेवरून हसली. तिला ती गोष्ट पाठ आहे.